गुरुवार, रात्री आठ वाजता

वाचकहो, रोज फिरायला जाण्याच्या निश्चयाने घेतलेले बूट तुमच्या घरात कोणत्या कपाटाच्या तळाशी पडून आहेत, हे मी विचारणार नाही. माझ्याकडे असे दोन जोड होते. गेल्या वर्षी जूनमध्ये वार्षिक तपासणी झाली आणि एचबीएवनसीचा आकडा ६.२ आला. ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहपूर्व अवस्थेचा मानला जातो. आमच्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि नेहमीप्रमाणे ‘चालत जा’ म्हणून सांगितले. वय एक्कावन्न, नोकरी शाळेत, घर डोंबिवलीत. चालण्याचा संकल्प मी याआधी तीनदा केला होता आणि तीनही वेळा तो दोन-तीन आठवड्यांत मोडला होता. कधी पाऊस आला, कधी परीक्षेचे पेपर, कधी पाहुणे. खरे कारण एकच होते. मी गेले नाही, तर कोणाचेही काही अडत नव्हते.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या फलकावर एक कागद लागला. परिसरातील आठ संघांची हौशी टेबल टेनिस लीग, जुलै ते नोव्हेंबर. प्रत्येक संघात चार खेळाडू. त्यांत एक साठी उलटलेला, एक अठरा वर्षांखालील आणि किमान एक स्त्री असलीच पाहिजे. ही अट ज्याने सुचवली त्याला मी मनोमन धन्यवाद देते, कारण तिच्यामुळेच मला कोणीतरी बोलावले. महाविद्यालयात असताना मी थोडेफार खेळत असे. तीस वर्षांपूर्वीचे ते भांडवल घेऊन मी नाव दिले, आणि बाकीच्या तिघांना मुळीच वेळ नसल्यामुळे कर्णधारही झाले.

अशा लीगची रचना तुम्हांला ठाऊक नसेल, तर थोडक्यात सांगते. दोन संघांतल्या एका लढतीला ‘टाय’ म्हणतात. आमच्याकडे एका टायमध्ये चार एकेरी आणि एक दुहेरी असे पाच सामने होत. प्रत्येक सामना पाच गेमचा, गेम अकरा गुणांचा. २००१ पूर्वी तो एकवीस गुणांचा असे, त्यामुळे माझ्या पिढीतील खेळाडू सात-आठ गुणांवर पोहोचून निवांत होतात आणि हरतात. प्रत्येक संघाची इतर सातही संघांशी एकदा गाठ पडते. टाय गुरुवारी किंवा शनिवारी, रात्री आठ वाजता, एका शाळेच्या सभागृहात. आठ ही वेळ मुंबईहून सुटणाऱ्या लोकल गाड्यांनी ठरवलेली होती आणि तरीही कोणीतरी ऑफिसची बॅग खांद्यावर घेऊनच धावत येत असे.

पहिल्या गुरुवारी तुम्ही अशा सभागृहात पाऊल टाकाल, तेव्हा तुमचीही माझ्यासारखीच अवस्था होईल. टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद. पाहताना ते लहानसे वाटते. चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम २.७ ग्रॅम वजनाचा. परंतु तो समोरून वळत येऊ लागला, की एवढ्याशा टेबलाचा दुसरा कोपरा गाठताना गुडघे, कंबर आणि डोळे यांचा हिशेब जुळत नाही. मला तर चेंडू दिसतच नव्हता. तीन सामने हरल्यावर लक्षात आले की दोष चष्म्याचा होता. जवळचे आणि दूरचे एकाच भिंगातून दाखवणाऱ्या चष्म्यात खालचा भाग वाचनासाठी असतो आणि टेबलावरचा चेंडू नेमका त्या भागातून धूसर दिसतो. चष्मेवाल्याकडून केवळ दूरच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला आणि माझा खेळ एका दिवसात निम्म्याने सुधारला. चाळिशी उलटलेल्या कोणाही खेळाडूला मी हा सल्ला बॅटच्याही आधी देईन.

जुलैतली दुसरी अडचण हवेची. पावसाळ्यात रबरावर ओलाव्याचा पापुद्रा बसतो, चेंडू पकड घेत नाही आणि सरळ जाळीत घसरतो. प्रत्येक जण शर्टाला बॅट पुसताना दिसे. फरशीही ओलसर असे. ज्याने रबरी तळाचे, घट्ट बसणारे बूट घातले नव्हते, त्याला आमचे पंच टेबलाजवळ उभे राहू देत नसत. घसरून मनगट मोडणे हा या खेळातला अगदी अनावश्यक पराक्रम आहे.

आता या खेळाने शरीराला काय मिळते, याविषयी थोडे मोकळेपणाने बोलले पाहिजे. टेबल टेनिसचा व्यायाम साधारणपणे मध्यम तीव्रतेचा गणला जातो. विश्रांतीच्या तुलनेत सुमारे चौपट ऊर्जा त्यात खर्च होते. म्हणजे साठ किलो वजनाची व्यक्ती तासभर खेळली, तर सुमारे २४० कॅलरी. परंतु दोन-अडीच तासांच्या टायमध्ये प्रत्यक्ष टेबलापाशी तुम्ही जेमतेम चाळीस मिनिटे असता. बाकी वेळ टाळ्या वाजवण्यात आणि चेंडू शोधण्यात जातो. सभागृहाबाहेरच्या गाडीवर वडापाव मिळत असे. पहिले चार आठवडे आम्ही सारे रात्री सव्वादहाला तिथे उभे राहून, कमावलेल्या कॅलरी व्याजासह परत करीत होतो. म्हणून केवळ वजनासाठी कोणी या खेळाकडे येणार असेल, तर त्याची निराशा होईल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. एका गुरुवारने ती बेरीज पूर्ण होत नाही. होते ते निराळेच. गुरुवारी हरायचे नसेल, तर मंगळवारी सराव करावा लागतो. सरावात धाप लागते, म्हणून बुधवारी आणि रविवारी चालावे लागते. कपाटातले बूट अशा रीतीने बाहेर आले.

दुसरा लाभ तोलाचा. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत, असे तीच संघटना सांगते, कारण त्या वयात पडणे हे स्वतंत्र संकट असते. एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकणे, वळणे, पुन्हा मध्यावर येणे, हे टेबल टेनिसमध्ये न सांगता घडत राहते. जपानमधील फुकुओका विद्यापीठात पार्किन्सनच्या बारा रुग्णांना सहा महिने, आठवड्यातून एकदा टेबल टेनिस खेळवून पाहिले, तेव्हा अंथरुणातून उठणे, कपडे घालणे, चालणे अशा रोजच्या हालचालींत सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यावरून औषधे बदलण्याचा विचारही कोणी करू नये. मात्र हा खेळ म्हातारपणी ‘सोडायचा’ असतो, हा समज बदलण्यास तो पुरेसा आहे.

आमच्या संघातील साठी उलटलेले खेळाडू म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका. वय अडुसष्ट, रेल्वेतून निवृत्त. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या सभागृहात तरुणपणी शिकलेला त्यांचा खेळ जुन्या वळणाचा होता; बाहेर आलेल्या दाण्यांचे रबर, टेबलापासून दोन पावले मागे उभे राहणे आणि समोरच्याने कितीही जोराने मारले तरी चेंडू खालून कापत परत पाठवणे. १९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथमच आशियात, आपल्या मुंबईत झाली आणि जपानच्या हिरोजी सातोने जाड स्पंज लावलेल्या बॅटने ती जिंकली. त्या बॅटमुळे चेंडूचा टकटक आवाजच नाहीसा झाला होता, हे काकांनी वडिलांकडून ऐकले होते. स्पंजवाल्यांविषयीचा राग त्यांच्याकडे जणू वारशाने आला होता.

काकूंना जाऊन दीड वर्ष झाले होते. मुलगा पुण्यात. काका दूध घ्यायला खाली येत तेवढेच. दुपारी त्यांच्या दारावरून जाताना दूरदर्शनचा आवाज येई आणि रात्रीही तोच आवाज येई. ‘व्यायाम करा, माणसांत मिसळा’ असे सांगणारे त्यांना पुष्कळ होते, मीही होते. त्याचा काहीच उपयोग झाला नव्हता. मात्र साठीवरच्या खेळाडूशिवाय आमचा संघच बाद होतो, हे कळल्यावर ते दोन मिनिटे गप्प राहिले आणि माळ्यावरून बॅट काढायला त्यांनी स्टूल मागितले. त्या दिवसापासून दर गुरुवारी साडेसात वाजता ते माझ्या दारावर टकटक करीत. “बाई, निघायचं ना?” एकट्या पडलेल्या माणसाला आधार देऊ पाहणाऱ्या कुटुंबांना मी हे आवर्जून सांगते: त्याला आपली गरज आहे असे आपण सतत सांगत राहतो, आपल्याला त्याची गरज आहे असे कधी खरोखर घडू देत नाही.

अठरा वर्षांखालील जागा आमच्याच सोसायटीतील एका मुलीने भरली. ती दहावीत असल्यामुळे तिच्या आईवडिलांच्या मनात धाकधूक होती. शेवटी आठवड्यातून एक टाय आणि एक सराव, एवढ्यावर तह झाला. चौथा खेळाडू संगणक कंपनीतला तरुण. तो शिफ्ट संपवून थेट येई, अंग न तापवता पहिल्याच चेंडूला तडाखा देई आणि ऑगस्टमध्ये खांदा धरून बसला. तीन आठवडे त्याला बाहेर राहावे लागले. त्यानंतर आम्ही पावणेआठला जमून दहा मिनिटे खांदे, मनगटे, कंबर आणि पोटऱ्या मोकळ्या करू लागलो. सहाच्या सुमारास पोळी-भाजी किंवा उपमा असे हलके खाणे, घरी परतल्यावर ताक किंवा मुगाची खिचडी, हाही क्रम ठरला. वडापाव केवळ जिंकल्यावर, तोही चौघांत दोन. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे, हे मी इथेच सांगून ठेवते. समोरच्या संघातील एका गृहस्थांना हात थरथरू लागल्यावर ते आठवले होते.

गणेशोत्सवात सभागृहाचा मांडव झाला, टेबले भिंतीला उभी लागली. त्यानंतर खेळ सुरू झाला तेव्हा आम्ही चौथ्या स्थानी होतो. पहिले चार संघ उपांत्य फेरीत जाणार होते. वाचकहो, ज्या बाईला व्यायामासाठी आठवड्यातून दोनदाही घराबाहेर पडवत नव्हते, ती आता रात्री अंथरुणात गुणतक्त्याचे हिशेब मांडीत होती. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट माझी साखर, माझी झोप, काकांचा चेहरा, सगळेच सुधारत होते. काका जिन्यावर मध्ये थांबू लागले आहेत, हेही मी पाहिले होते. ‘गुडघे’, असे ते म्हणाले. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे हे कारण कोणालाही पटते.

कोजागरीनंतरच्या गुरुवारी सहावी टाय होती. पाऊस संपून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालेला. चेंडू वाऱ्याने हलू नये म्हणून पंखे बंद. सामने दोन-दोन असे बरोबरीत आले आणि शेवटचा एकेरी सामना काकांचा. जिंकलो तर उपांत्य फेरी जवळजवळ निश्चित. समोर तिशीतला जोरकस खेळाडू. काका दोन गेम विरुद्ध एक असे पुढे होते आणि चौथ्या गेममध्ये ८–६. फलकाचे आकडे उलटायला आमची दहावीतली मुलगी बसली होती.

चेंडू उचलायला काका वाकले आणि उठताना त्यांनी डावा हात टेबलावर टेकला. तो तिथेच राहिला. चेंडू खेळात असताना मोकळा हात टेबलाला लागला तर गुण जातो. माझ्या मनात आधी तो नियम आला. मग मी पाहिले की ते जबडा चोळीत आहेत. “काय झालं, काका?” तर म्हणाले, “पित्त झालंय. दुपारचं जेवण वर येतंय.” कपाळावर घाम होता, पण तिथे प्रत्येकाच्याच कपाळावर होता. मी जे बोलले ते आजही माझ्या कानांत आहे. मी म्हणाले, “काका, तीनच गुण राहिलेत. एवढा गेम संपवून टाका, मग निवांत बसा.” त्यांनी मान डोलावली आणि सर्व्हिससाठी चेंडू तळहातावर ठेवला.

मुलगी खुर्चीतून उठली होती. तिने त्यांचा हात धरला. “बाई, आजोबांचा हात गार आहे.” मग परत जाऊन तिने गुणफलक टेबलावर उपडा ठेवला. “मी पुढे मोजणार नाही.”

सभागृह क्षणभर अवघडले. कोणीतरी सोडा आणायला धावले. समोरच्या खेळाडूने बॅट ठेवून खुर्ची ओढली, काकांना टेकून बसवले आणि १०८ क्रमांकावर फोन केला. काका चालत खाली जायला निघाले होते. त्याने जाऊ दिले नाही. रुग्णवाहिकेतून त्यांना रुग्णालयात नेले, ईसीजीमध्ये हृदयविकाराचा झटका दिसला आणि त्याच रात्री अँजिओप्लास्टी करून रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. मुलगा पुण्याहून पोहोचला तेव्हा काका अतिदक्षता विभागात होते. डॉक्टरांनी त्याला सांगितले की जिन्यावरचे थांबणे गुडघ्यांचे नव्हते. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर ओसरणारी ती अस्वस्थता निदान तीन आठवड्यांपासून होती. काकांना ती कळत होती. त्यांनी ती कोणाला सांगितली नाही, कारण ते नसते तर संघ बाद झाला असता.

हे वाक्य मी रुग्णालयाच्या बाकावर ऐकले. ज्या गोष्टीने त्यांना घराबाहेर आणले, तिनेच त्यांना गप्प बसवले होते; आणि कर्णधार म्हणून त्यांना शेवटचे तीन गुण मागणारी मी होते. मुलाने मला दोष दिला नाही. काकांनी तर नाहीच; चौथ्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आठ–सहाचे पुढे काय झाले, हा. पुढे काहीच झाले नव्हते. गुणपत्रकावरची ती ओळ कोरी राहिली, नियमानुसार टाय समोरच्या संघाला मिळाली आणि आम्ही पाचव्या स्थानी गेलो.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरातील कोणी अशा लीगमध्ये खेळत असेल, तर त्याला ही लक्षणे पाठ असू द्या. छातीवर दडपण, जबडा, मान, खांदा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, गार घाम, धाप, मळमळ, अकारण गळून गेल्यासारखे वाटणे. स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत छातीतली कळ फारशी नसतेही, म्हणून ‘पित्त’ हा शब्द अशा वेळी फार विश्वासाने घेऊ नये. खेळ तत्काळ थांबवावा, माणसाला बसवावे, चालू देऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी. चाळिशीनंतर नव्याने खेळू लागणाऱ्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा कुटुंबात हृदयविकार असल्यास, हंगामाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. हे मी जुलैत केले होते, स्वतःपुरते. संघातल्या इतरांना विचारायचे मला सुचलेही नाही.

लीगनेही दोन गोष्टी केल्या. दिवाळीनंतर एका शनिवारी सामने न ठेवता एका डॉक्टरांना बोलावून हृदय बंद पडल्यास छाती कशी दाबायची याचा सराव घेतला. मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसाच्या छातीवर सुमारे पाच सेंटिमीटर खोल. गादीवर आणि पुतळ्यावर ते करताना दोन मिनिटांत माझे दंड भरून आले. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक संघाला पाचवा राखीव खेळाडू ठेवण्याची मुभा, त्यात साठीवरचाही एक. एखाद्याला ‘आज मला बरे वाटत नाही’ म्हणायचे असेल, तर ते वाक्य त्याला परवडले पाहिजे.

माझ्या डिसेंबरच्या तपासणीत एचबीएवनसी ५.८ होते. त्याचे सारे श्रेय टेबल टेनिसला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रात्रीचे जेवण आणि चालणेही त्यात आहे. काकांचे औषधोपचार आणि देखरेखीखालील व्यायाम चालू आहे. पुन्हा बॅट कधी धरायची ते त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ ताणचाचणीनंतर ठरवतील.

सातवी टाय नोव्हेंबरच्या अखेरीस झाली. गुणतक्त्याच्या दृष्टीने तिला अर्थ नव्हता. साडेसात वाजता दारावर टकटक झाली. काका आणि ती मुलगी, दोघे उभे होते. डॉक्टरांनी बसून राहण्याची परवानगी दिली होती. शाळेचा जिना ते प्रत्येक वळणावर थांबत चढले, यावेळी काही न लपवता, आणि वर जाऊन गुणफलकाच्या खुर्चीत बसले.

माझा सामना लांबला. पाचवा गेम, ९–९. मला धाप लागली होती आणि सर्व्हिस माझी होती. मी चेंडू उचलला तर फलकावर काकांचा पंजा आडवा आलेला.

“बाई, आधी पाणी प्या.”

“काका, दोनच गुण राहिलेत.”

त्यांनी पंजा हलवला नाही. समोरची खेळाडूही हसून खाली बसली. मी पाणी प्यायले, तोंड पुसले, परत टेबलापाशी गेले आणि तो गेम ९–११ असा हरले.